चोवीस दिवसांची वाट

डिसेंबरात सकाळी पावणेआठला स्टुटगार्टमध्ये काळोखच असतो. सूर्य उगवायला आठ वाजून जातात, उत्तरेकडे हांबुर्गला तर साडेआठ. त्या अंधारातच मुले शाळेच्या वाटेला लागलेली असतात आणि त्यांच्या दप्तरांवरच्या चमकत्या पट्ट्या तेवढ्या लांबून दिसतात. अशाच एका सोमवारी आम्हा पालकांना धाकटीच्या वर्गात बोलावले होते. दुसरीचा वर्ग. दिवे बंद, बाके भिंतीकडे सरकवलेली, मुले जमिनीवर गोल करून बसलेली. मधोमध सूचिपर्णी फांद्यांचे जाडजूड कडे आणि त्यावर चार मेणबत्त्या. एका मुलाने बाईंचा हात धरून पहिली पेटवली. एक गाणे झाले. मग बाईंनी एका मोठ्या गोष्टीचा त्या दिवसापुरता भाग वाचला आणि गोष्ट ऐन रंगात आली तेव्हा पुस्तक मिटले. मुले हळहळली, पण हट्ट कोणी केला नाही. उरलेली उद्या, हे सगळ्यांना ठाऊक होते.

वर्गात नाताळ कसा साजरा करावा, हा प्रश्न जर्मनीत दर नोव्हेंबरला शिक्षकांच्या खोलीत आणि पालकसभेत निघतो. शिक्षण हा राज्यांचा विषय असल्यामुळे सगळीकडे एकच पद्धत नाही, आणि एका शाळेतही शेजारशेजारच्या दोन वर्गांत वेगळे चित्र दिसते. इथल्या प्राथमिक शाळेला ग्रुंडशूले म्हणतात. पहिली ते चौथी, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत. १९२० च्या कायद्याने ती आली. पैसेवाल्यांच्या मुलांनी वेगळ्या पूर्वतयारी शाळेत जायचे, ही रीत मोडून सगळ्यांची मुले पहिली चार वर्षे एका वर्गात बसवायची, हा तिचा हेतू होता. म्हणून नाताळचा प्रश्नही इथे खासगी राहत नाही. जो उपक्रम निवडाल तो सगळ्यांच्या मुलांना पेलला पाहिजे.

दोन मुलांच्या निमित्ताने मी हे सारे काही वर्षे जवळून पाहते आहे. एक गोष्ट उशिरा लक्षात आली. जर्मनीत सण असतो चोवीस तारखेच्या संध्याकाळी, घरी, झाडापाशी. तोवर शाळेला सुट्टी लागलेली असते. शाळेच्या वाट्याला सण येतच नाही, सणाची वाट पाहणे तेवढे येते. इथले जे उपक्रम पिढ्यान्‌पिढ्या टिकले, ते बहुतेक सगळे वाट पाहायला शिकवणारे आहेत.

त्यांतला पहिला म्हणजे तो चार मेणबत्त्यांचा वेढा, आडव्हेंट्सक्रान्स. त्याचा जन्मच मुलांच्या प्रश्नातून झाला. योहान हिनरिक विशर्न या धर्मोपदेशकाने १८३३ मध्ये हांबुर्गजवळ ‘राउहेस हाउस’ नावाचे घर उघडले, गरिबीत आणि रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांसाठी. मुले रोज विचारत, नाताळ कधी? १८३९ साली त्याने एक मोठे लाकडी चाक टांगले आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, बाकीच्या दिवसांच्या लहान लाल. त्या वर्षी एक डिसेंबरलाच रविवार होता, म्हणजे लहान मेणबत्त्या वीस. रोज एक जास्त पेटायची. मुलांना आकडे न येऊ देत, उजेड वाढताना दिसत होता. पुढे चाक लहान झाले, त्यावर हिरव्या फांद्या आल्या आणि मेणबत्त्या चारच राहिल्या. आज कित्येक शाळांत आगीच्या भीतीने बॅटरीच्या मेणबत्त्या लावतात. त्यामागची काळजी मला समजते. तरी पाण्याची बादली शेजारी ठेवून, मोठ्याच्या नजरेखाली, खरी ज्योत एकदा तरी मुलांसमोर पेटवावी असे मला मनापासून वाटते. काडी ओढताना सात वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर येणारी जबाबदारी बटण दाबून येत नाही.

दुसरी रीत कॅलेंडरची. चोवीस खिडक्या, रोज एक उघडायची. टोमास मान यांच्या ‘बुडनब्रोक्स’ या १९०१ च्या कादंबरीतला लहान हानो असेच घरी बनवलेले कॅलेंडर रोज फाडतो, म्हणजे छापील कॅलेंडरे येण्याआधी ही घरगुती चाल होतीच. छापील कॅलेंडराचे श्रेय सहसा गेरहार्ड लांग यांना देतात. ते लहान असताना त्यांच्या आईने पुठ्ठ्यावर चोवीस छोटी बिस्किटे लावून दिली होती; मोठेपणी म्युनिकमध्ये छापखान्याचे भागीदार झाल्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी ती आठवण छापून विकायला आणली. ब्लॅक फॉरेस्टमधल्या गेंगेनबाख गावाने तर १९९६ पासून आपल्या नगरपालिकेच्या इमारतीच्या चोवीस खिडक्यांचेच कॅलेंडर केले आहे.

वर्गातले कॅलेंडर म्हणजे दोरीवर लाकडी चिमट्यांनी अडकवलेल्या छोट्या पिशव्या. इथे एक गणित आडवे येते आणि चांगली बाई ते मुलांनाच सोडवायला देते. वर्गात मुले चोवीस, पण सुट्टीआधी शाळेचे दिवस पंधरा-सोळाच. मग शनिवार-रविवारच्या पिशव्या कोणाच्या? काही दिवशी दोघांची पाळी लावायची की शुक्रवारी तीन उघडायच्या? आमच्याकडे यावर दोन दिवस वाद चालला, फळ्यावर तक्ते झाले, शेवटी मतदान. पिशवीत काय घालायचे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. चॉकलेट आणि प्लास्टिकच्या चिल्लर वस्तू घालणे सोपे आहे, आणि आठवड्याभरात त्या कचऱ्यात जातात. मला आवडल्या त्या चिठ्ठ्या. ‘आज गृहपाठ नाही.’ ‘आज तू बाईंच्या खुर्चीवर बसायचे.’ ‘आज मधल्या सुट्टीत ज्याच्याशी कधी खेळला नाहीस त्याच्याशी खेळ.’ शेवटच्या चिठ्ठीने आमच्या वर्गात एका युक्रेनी मुलाला पहिला मित्र मिळाला. थोड्या मोठ्या मुलांसाठी ‘माते इम आडव्हेंट’ आहे: जर्मन गणित संघटनेने २००८ पासून सुरू केलेले इंटरनेटवरचे कॅलेंडर, रोज एक कोडे, चौथीपासून पुढे. पूर्ण वर्ग मिळून त्यावर डोके लढवतो.

चार डिसेंबर हा संत बार्बाराचा दिवस. ही खाणकामगारांची रक्षक संत. या दिवशी चेरीच्या झाडाची फांदी कापून आणायची आणि पाण्यात ठेवायची, म्हणजे नाताळपर्यंत फुले येतात. तिसरीच्या वर्गात हा सरळ विज्ञानाचा प्रयोग होतो. कळीला थंडी लागून गेलेली असावी लागते, नाहीतर ती झोपूनच राहते. त्या साली कडाका पडला नसेल तर फांदी एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवतात. फांदी तिरकी कापायची, एक रात्र कोमट पाण्यात बुडवायची, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचे आणि वहीत नोंद करायची. तीन आठवडे रोज पाहायचे, आणि बहुतेक दिवस काहीच झालेले नसते. मला हा उपक्रम फार मोलाचा वाटतो. ‘काही नाही’ असे वहीत प्रामाणिकपणे लिहायला लावणारा दुसरा उपक्रम प्राथमिक शाळेत क्वचितच सापडेल.

आता चांदण्यांकडे येते, कारण डिसेंबरात इथल्या कुठल्याही शाळेवरून जा, खिडक्या चांदण्यांनी भरलेल्या असतात. हाताने काही करण्याला जर्मनमध्ये ‘बास्टेल्न’ असा खास शब्द आहे. मुले कागद कापतात, चिकटवतात, टोचतात, विणतात, ते सगळे त्यात आले. यामागे मोठी परंपरा आहे. आपल्याकडे बालशिक्षणाचा इतिहास शिकवताना माँटेसोरीबाईंच्या आधी ज्यांचे नाव घेतात, त्या फ्रिडरिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. कागदाच्या घड्या हा त्यांच्या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग होता. सारख्या रुंदीच्या चार पट्ट्या एकमेकींत ओवून होणारी टोकदार चांदणी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ती तिसरी-चौथीच्या मुलांना जमते, पण हाताला धरून शिकवावी लागते. बोलून कळत नाही.

पहिली-दुसरीसाठी सोपी चांदणी आहे ती कागदी पिशव्यांची. इथे मुलांचा पाव ज्यात बांधून देतात त्या पातळ पांढऱ्या पिशव्या घ्यायच्या, सात, आठ किंवा नऊ. पहिली पिशवी टेबलावर ठेवायची, बंद बाजू आपल्याकडे. तळाच्या कडेने आडवी आणि मधून वर उभी अशी गोंदाची रेघ मारायची, उलट्या टी अक्षरासारखी. त्यावर दुसरी पिशवी अगदी नेमकी बसवायची. पुन्हा रेघ, पुन्हा पिशवी. सगळ्या चिकटल्या की वरची उघडी बाजू कात्रीने टोकदार कापायची, कडांना हवे तर अर्धगोल किंवा त्रिकोणी खाचा द्यायच्या. एवढे होईपर्यंत हातात असतो एक जाडसर, ओबडधोबड गठ्ठा. मुले हिरमुसतात. मग पहिली आणि शेवटची पिशवी दोन हातांत धरून पंख्यासारखी गोल फिरवून एकमेकींना भिडवायची, आणि तो गठ्ठा एकदम फूटभर रुंदीची चांदणी होऊन उघडतो. प्रत्येक मुलाने कापलेल्या खाचा वेगळ्या, म्हणून प्रत्येकाची नक्षी वेगळी. त्या क्षणी वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो.

आणखी एक चांदणी आहे, हेर्नहूटची. झाक्सनमधले हेर्नहूट हे १७२२ मध्ये वसलेले मोराव्हियन पंथाचे गाव. त्या पंथाच्या नीस्कीच्या निवासी शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही चांदणी आली ती भूमितीच्या अभ्यासातून. कागदाचे सुळके करून ते एका बहुपृष्ठी ठोकळ्यावर बसवायचे. आई-वडील दूर देशी धर्मप्रसाराला गेलेले, मुले शाळेत एकटी. त्यांच्या हातांना काम आणि डोळ्यांसमोर उजेड. आज बाजारात मिळणाऱ्या चांदणीला पंचवीस टोके असतात: चौकोनी बुडाची सतरा आणि त्रिकोणी बुडाची आठ. ठोकळ्याला चौकोन अठरा असतात, पण एक दिव्यासाठी मोकळा राहतो. चौथीतल्या मुलांना हे मोजायला लावले तर घनाकृतींचा धडा फळ्यावर काढून दाखवावा लागत नाही.

ही चांदणी पहिल्यांदा पेटलेली पाहिली तेव्हा मला आमच्या चाळीच्या गॅलरीतले आकाशकंदील आठवले. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, घरी शिजवलेली खळ, आणि खाली लटकणाऱ्या शेपट्या. इथल्या बहुतेक मराठी घरांत दिवाळीला लावलेला कंदील डिसेंबर संपेपर्यंत उतरत नाही. शेजारी त्याला नाताळची चांदणी समजतात आणि आम्हीही त्यांना थांबवत नाही. मागे एकदा बाईंनी विचारले म्हणून मी ऑक्टोबरात वर्गात जाऊन मुलांकडून कंदील करून घेतला. कामट्यांऐवजी इथे मिळणाऱ्या पातळ लाकडी काड्या वापरल्या. डिसेंबरात मुलांनीच तो कपाटातून काढून चांदण्यांच्या रांगेत टांगला. कोणी सांगितले नव्हते.

भाजण्याचे उपक्रम सगळ्यांना प्रिय, आणि सगळ्यांत जास्त अडचणीही तिथेच. ‘प्लेट्सशेन’ म्हणजे नाताळची छोटी बिस्किटे. पीठ लाटून साच्याने चंद्र, तारे, झाडे कापायची. शंकरपाळे कातलेल्या मराठी मुलाला यात काही नवे नसते. शिवाय बिस्किटांचे चौकोन साखरेच्या घट्ट पाकाने चिकटवून ‘हेन्सेल आणि ग्रेटेल’मधल्या चेटकिणीचे घर करतात. पण पिठात अंडे असते. घर सजवायच्या रबरासारख्या गोळ्यांत बहुधा डुकराच्या कातड्यापासून केलेले जिलेटिन असते. सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेली मुले असतात. एका वर्षी धाकटी हातातली गोळी न खाता घरी घेऊन आली आणि विचारत होती, ही मला चालते का? वर्गातल्या एका तुर्की मुलीनेही तसेच केले होते. आता आम्ही तीन-चार पालकांनी मिळून सोपा उपाय काढला आहे. इथे ‘एक-दोन-तीन’ नावाचे जुने माप आहे: एक वाटा साखर, दोन वाटे लोणी, तीन वाटे मैदा. शंभर, दोनशे, तीनशे ग्रॅम. अंड्यावाचून ते छान जमते, आपल्या नानकटाईच्या जवळ जाते, आणि दुसरीच्या मुलांना प्रमाणाचे गणित हाताने कळते. सजावटीला मनुका आणि साखरेचे दाणे. वेगळ्या मुलांसाठी वेगळा डबा ठेवण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच परातीतले खावे, असे पीठ निवडणे केव्हाही चांगले.

पाच डिसेंबरच्या रात्री मुले बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात. सकाळी त्यात अक्रोड, संत्रे, चॉकलेट असते. नीकोलाउस येऊन गेलेला असतो. शाळेत यासाठी वर्गात घालायच्या चपला कामी येतात, दाराबाहेर ओळीने मांडलेल्या. पूर्वी नीकोलाउसबरोबर छडी घेतलेला क्नेश्ट रुप्रेश्ट यायचा आणि खोडकर मुलांना धाक घालायचा. आता बहुतेक शाळांनी ही छडी सोडून दिली आहे, ते योग्यच झाले. नीकोलाउस मूळचा मिराचा बिशप, आणि मिरा आजच्या तुर्कस्तानात. ही गोष्ट बाईंनी नकाशावर बोट ठेवून सांगितली, तेव्हा मघाचीच ती तुर्की मुलगी ताठ होऊन बसली. आमच्या आजीचे गाव तिथून जवळ आहे, म्हणाली.

पत्रे हा लेखनाचा उत्तम उपक्रम. नाताळच्या बाळाला किंवा नाताळबाबाला पत्र लिहायचे आणि खरोखर टपालात टाकायचे. जर्मन टपाल कंपनी यासाठी काही गावांत खास कार्यालये चालवते आणि ती गावे नावावरूनच निवडलेली: हिमेलफोर्ट म्हणजे स्वर्गाचे दार, एंगेल्सकिर्शेन म्हणजे देवदूतांची चर्चे, झारलांडमधले सांक्ट नीकोलाउस. हिमेलफोर्टची सुरुवात १९८४ मध्ये दोन मुलांच्या पत्रांपासून झाली. आता तिथे दर वर्षी तीन लाखांच्या आसपास पत्रे येतात. उत्तर हवे तर स्वतःचा पत्ता नीट लिहावा लागतो, म्हणून पहिल्यांदा पत्ता, पिन कोड, तिकिटाची जागा शिकण्याचे कारण मुलांना मिळते. दक्षिणेकडची मुले बाळाला लिहितात, उत्तरेकडची लाल डगलेवाल्या बाबाला. न्यूर्नबर्गला त्या बाळाच्या, क्रिस्टकिंडच्या, वेषात दर दोन वर्षांनी एक मुलगी निवडतात. २०१९ मध्ये निवडलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतातले. तिच्या रंगरूपावरून एका पक्षाच्या स्थानिक शाखेने हिणकस मजकूर टाकला, आणि देशभरातून माणसे तिच्या बाजूने उभी राहिली.

इथे तो मोठा प्रश्न येतोच. हा कोणाचा सण, आणि सरकारी शाळेत किती? जर्मन राज्यघटनेच्या सातव्या कलमानुसार सरकारी शाळांत धर्मशिक्षण हा नियमित विषय आहे, पण मूल त्याला बसेल की नाही हे आई-वडील ठरवतात. बायर्नमध्ये प्रत्येक वर्गात क्रूस लावण्याची सक्ती घटना न्यायालयाने १९९५ मध्ये घटनाबाह्य ठरवली. सुट्टीआधीची चर्चमधली प्रार्थना ऐच्छिक असते. हा समतोल सहज आलेला नाही. नाझी राजवटीत शाळेतला नाताळ सूर्यसंक्रमणाच्या ‘यूल’ सणात बदलण्याचा प्रयत्न झाला, मुलांच्या कॅलेंडरातून ख्रिस्तजन्माची गोष्ट काढून सूर्यचक्रे आणि युद्धाची चित्रे घातली गेली. मुलांच्या कात्री-कागदापर्यंत सत्ता पोचते, हे या देशाने पाहिले आहे.

अलीकडे उलट टोकाची भीती दिसते. सगळ्यांना सामावून घ्यायचे म्हणून सणाचे नावच पुसायचे. नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या कंदील मिरवणुकीला ‘सूर्य-चंद्र-ताऱ्यांचा सण’ म्हणावे, यावरून २०१३ च्या सुमारास मोठा वाद झाला होता. मी हिंदू घरातली आहे, माझी मुले चर्चमध्ये जात नाहीत, तरीही मला नाव पुसणे पटत नाही. गोठ्यात जन्मलेल्या बाळाची गोष्ट गोष्ट म्हणून उघडपणे सांगावी. ‘ख्रिश्चन लोक असे मानतात’ एवढे पहिले वाक्य पुरते. मग मुलाला कळते की हा कोणाचा तरी जिव्हाळ्याचा विषय आहे आणि आपण त्यांचे पाहुणे आहोत. नाव काढून उरते ती नुसती खरेदी आणि चमकी, आणि तिचा पाहुणा कोणालाच होता येत नाही. ख्रिस्तजन्माचे नाटक मात्र बहुधा चर्चमध्येच होते, चोवीस तारखेच्या दुपारी. शाळेत केले तर कोणाला कोणती भूमिका, हे मुलांनी घरी विचारून ठरवावे. आमच्याकडे धाकटी मेंढी झाली होती. दोन ओळी आणि बेंबटणे. महिनाभर घरात तालीम चालली.

दमछाक होते ती शिक्षकांची. डिसेंबरातच परीक्षा, जानेवारीच्या शेवटी बहुतेक राज्यांत सहामाहीचे निकाल, त्यात पालकांचा बास्टेल्नचा दिवस, विक्रीचा बाजार, गाण्याचा कार्यक्रम. नावांच्या चिठ्ठ्या काढून गुपचूप भेट द्यायचे ‘विष्टेल्न’ही पाच युरोंची मर्यादा ओलांडून जाते, आणि ज्याच्या घरी पाच युरोही जड जातात ते मूल त्या दिवशी आजारी पडते. हे मी पाहिले आहे. हाताने केलेलीच वस्तू द्यायची, हा नियम केल्यावर ते थांबले. उपक्रम दहा करण्यापेक्षा तीन करावेत: एक उजेडाचा, एक हाताचा, एक रोज थोडा-थोडा ऐकायचा. बाकी वेळ तसाच सोडावा. २०२६ च्या ऑगस्टपासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या देखभालीचा कायदेशीर हक्क मिळतो आहे; दुपारी बरीच मुले शाळेतच असतील, तेव्हा सकाळ ठासून भरण्याची गरज आणखी कमी होईल.

सुट्टीच्या आदल्या दिवशी बाईंनी बार्बाराच्या फांद्या वाटून दिल्या, प्रत्येकाला एक. धाकटीने आपली फांदी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ट्राममध्ये ती दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली. तिची वही माझ्याकडे होती. रोजच्या नोंदी. पहिले अकरा दिवस ‘काही नाही’. बाराव्या दिवशी ‘कळी जरा जाड’. शेवटच्या दिवशी तिने पेन्सिलीने कळी काढली होती आणि तिच्या टोकाशी कागद मुद्दाम कोरा ठेवला होता, पांढरे दाखवायला.